रामलिंगच्या घाटातून वाफेची गाडी

बार्शी लाइटचा, म्हणजे बार्शीच्या जुन्या अरुंद रेल्वेचा, विषय निघाला की आमच्याकडे सगळ्यात आधी तिचा वेग निघतो. चालत्या गाडीतून उतरायचं, बांधावरची बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं, असं करणारे एक तरी आजोबा सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात होऊन गेलेले असतात. मी त्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. आता मात्र कुणी सांगायला लागलं की मला राहवत नाही. मध्येच थांबवून म्हणावंसं वाटतं, अहो, त्या गाडीचं मोठेपण दुसरंच होतं, ते आधी ऐका.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेचा मुंबईहून निघालेला मोठा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. बार्शी मात्र वाटेवर आली नाही. बार्शीची पेठ मोठी, पण तिथला कापूस आणि धान्य बैलगाड्यांतून बार्शी रोड स्टेशनापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, वीस-बावीस मैल ओढत आणावं लागे. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर भरल्या गाडीचं काय होतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने इथे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन टाकायचं मनात घेतलं. त्यासाठी तो कित्येक वर्षं मागे लागला, शेवटी नोकरी सोडली आणि कंपनी उभी केली.

त्याचा हिशोब मला फार आवडतो. रूळ हलका आहे म्हणून गाडी किरकोळ असायचं कारण नाही, असं त्याचं म्हणणं. आसावर येणारं वजन तेवढं सगळीकडे बांधून घ्यायचं. त्याने ते पाच टनांवर बांधलं. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, कुठल्याच आसाने पाच टनांच्या वर जायचं नाही. मग दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचा बारीक रूळही पुरतो. इंजिनाचं ओझं वाटून जावं म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चाकं एकमेकांना जोडलेली होती आणि त्यांच्या मागे आणखी चार. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे आणि पंचवीस फूट या एकाच मापाचे. म्हणजे वजन कमी, माल जास्त, आणि एकीचा भाग दुसरीला बसणार. लाइट रेल्वेच्या इतिहासात बार्शीचं नाव आजही निघतं ते यासाठी. बोरांसाठी नाही.

गाडी सुरू झाली १८९७ मध्ये. ते दख्खनमधल्या दुष्काळाचं साल होतं. पुढे १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला गेले, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. मिरज ते लातूर मिळून सव्वातीनशे किलोमीटरची ही लाइन १९५४ मध्ये सरकारकडे आली. आषाढी-कार्तिकीला डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालाच्या वाघिणीत उभं राहूनही वारकरी पंढरपूरला गेले आहेत. (कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. भार किती, तो कशावर तोलायचा, हा एकच प्रश्न त्या माणसाने जन्मभर घोळवला असं मला वाटतं.)

माझे मामा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. सुट्टीत आम्ही सोलापूरची पोरं तिकडे जायचो तेव्हा घरात वंगणाचा आणि कोळशाचा मिळून एक वास असायचा, मामींनी कितीही कपडे धुतले तरी न जाणारा. त्या वयात मला इंजिनाचं काही नव्हतं. मला शिट्टी आवडायची आणि ट्रॉलीवर बसायला मिळालं तर बरं, एवढंच. मामांच्या कामाकडे मी नीट कान दिला तो फार उशिरा, ते निवृत्त होऊन आणि नॅरोगेज बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर. गोष्टी सांगायचा म्हणून त्यांचा स्वभाव नाही. त्यांना काम विचारावं लागतं. ‘मामा, थंड इंजिन पेटवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?’ असं विचारलं की मग तासभर बोलतात.

थंड बॉयलर एकदम तापवायचा नसतो, हे त्यांचं पहिलं वाक्य. पत्रा एकदम तापला की ताणतो आणि सांधे गळायला लागतात. म्हणून सकाळी निघणाऱ्या गाडीचं इंजिन रात्रीच पेटायला लागायचं. आधी काचेच्या नळीत पाणी कुठवर आहे ते बघायचं, नळी खोटं दाखवत नाही ना याची खात्री तिच्याखालचा कॉक उघडून करायची, आणि मगच काडी लावायची. तेलात भिजवलेल्या चिंध्या, लाकडं, त्यावर कोळशाचा पातळ थर. वाफ धरायला पहाट व्हायची. तोवर राखेची पेटी साफ करायची, सांध्या-सांध्यांत तेल घालत इंजिनाला फेरी मारायची. कोळसा टाकणं ही ताकदीची गोष्ट आहे असं बघणाऱ्याला वाटतं. मामा म्हणतात, ताकद असतेच, पण बेलचा कुठल्या कोपऱ्यात रिकामा करायचा हे डोळ्याने ठरतं. भट्टीत कुठे कोणता रंग पडलाय ते बघून टाकायचं. सगळीकडे सारखा टाकणारा फायरमन चढावर वाफ घालवून बसतो.

भट्टीच्या छतात शिशाची एक डट्टी, म्हणजे बूच, बसवलेली असते. पाणी छताच्या खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ आणि पाणी भट्टीत शिरतं, आग मरते आणि बॉयलर फुटण्यापासून वाचतो. माणसंही वाचतात. पण ज्याच्या हातून डट्टी गेली त्याला शेडमध्ये तोंड दाखवायला जागा नसायची.

सगळ्यात जास्त ते बोलतात पाण्यावर. आमच्या भागातलं पाणी जड. घरातल्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो तसाच तो बॉयलरच्या आत नळ्यांवर धरतो. थर धरला की आगीची ऊब पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा जळत राहतो आणि पत्रा आतून भाजून निघतो. म्हणून ठरलेल्या दिवसांनी इंजिन थंड करायचं, डट्ट्या काढायच्या, जोराच्या पाण्याने आणि सळ्यांनी कोपरान् कोपरा धुवायचा. हे काम कुणाला दिसत नाही. प्रवाशाला दिसते ती धुराची रेघ. तिच्यामागे शेडमध्ये गुडघ्यावर बसून अंधाऱ्या भोकात दिवा धरून बघणारा माणूस असतो. सोलापूरच्या गिरण्यांतही हेच होतं. १८७७ च्या जुन्या मिलपासून या शहराचा दिवस भोंग्याने सुरू व्हायचा, आणि त्या भोंग्याच्या मागे बॉयलर होता, बॉयलरपाशी माणूस होता. विणकरांची नावं, मालकांची नावं आपण घेतो. बॉयलरवाल्याचं नाव मी सोलापुरात कधी ऐकलं नाही.

आता रुंद मार्गाबद्दल, म्हणजे ब्रॉडगेजबद्दल. नॅरोगेज गेली म्हणून हळहळणारे खूप लिहितात. मी त्यांच्यातली नाही. पंढरपूरची, लातूरची, मिरजेची लाइन टप्प्याटप्प्याने रुंद झाली हे योग्यच झालं, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा एप्रिल २०१६ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिला. लातूर तहानेलं होतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपात वाफेने धुऊन काढलेल्या टाकीच्या वाघिणी होत्या त्या. पहिल्या फेरीला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. आणि ती गेली कशी? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे थोडा तुकडा सोडला तर बार्शी लाइटचीच वाट. दुष्काळाच्या साली सुरू झालेल्या लाइनने एकशेएकोणीस वर्षांनी दुष्काळातच पाणी वाहिलं. पाच टनांच्या आसावर ते जमलं नसतं. त्या दिवसांत मामा टीव्हीसमोरून हलत नव्हते. ‘आपल्याच लाइनवरनं गेली,’ एवढंच ते म्हणाले.

तेव्हा सगळी लाइन तशीच ठेवायला हवी होती असं मी म्हणत नाही. एक तुकडा ठेवायला हवा होता, असं म्हणते. आणि तो नुसता रंग लावून चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या रूपात नव्हे, चालणारा.

हे मला पटलं ते निलगिरीच्या गाडीत. सोलापूरहून कोइमतूरला थेट गाडी आहे. मामांना घेऊन गेले. मामी नकोच म्हणत होत्या, या वयात कशाला डोंगर, पण मामांनी स्वतःहून पिशवी भरली होती. मेट्टुपाळयमहून सकाळी सातच्या सुमाराला ती गाडी सुटते. मीटरगेज आहे, शेहेचाळीस किलोमीटर, ३२६ मीटर उंचीवरून २,२०३ मीटरवर चढते. १८९९ मध्ये ती कुन्नूरपर्यंत गेली आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत. २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाफेचं इंजिन कुन्नूरपर्यंतच असतं, आणि ते पुढे नसतं, मागे असतं. डबे ढकलत वर नेतं. कारण चढ बारा फुटांना एक फूट इतका आहे. काही तुटलंच तर डब्यांच्या उताराच्या बाजूला इंजिन उभं असलेलं बरं.

कल्लारपाशी रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात. दोन पट्ट्या शेजारी शेजारी, एकीचा दाता जिथे, तिथे दुसरीची खाच, म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक कुठल्याही क्षणी कशात तरी अडकलेलं असतंच. गाडी जवळजवळ थांबते, दाते जुळतात, एक हिसका बसतो आणि आवाज बदलतो. मामांनी माझा हात दाबला. ‘दोन ठोके ऐकू येतायत बघ.’ मला एकच धडधड ऐकू येत होती. स्विट्झर्लंडच्या विंटरथूर गावात मूळ घडलेल्या या एक्स जातीच्या इंजिनांना चार सिलिंडर असतात. खालची जोडी रुळांवरची चाकं फिरवते, आणि तिच्यातून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता दुसऱ्या जोडीत नेऊन तिच्यावर दातेरी चाक फिरवतात. एकच वाफ दोनदा कामाला लावायची. मामांनी समजावून सांगितल्यावर हळूहळू मलाही ते दोन ठोके वेगळे काढता यायला लागले, आणि मग कुन्नूरपर्यंत मी दुसरं काही ऐकलंच नाही.

बाहेर बघण्यासारखं अपार होतं. दरीच्या तळाला मेट्टुपाळयमचं सपाट रान, पाण्याने चकाकणारे कडे, कमानींचे दगडी पूल, बोगदे. बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडायची, मोठी माणसंही ओरडायची. मला मात्र सगळ्यात लक्षात राहिली ती प्रत्येक डब्याच्या टोकाला उभी असलेली ब्रेकवाली माणसं. ड्रायव्हर मागे, त्याला पुढचं काही दिसत नाही. पुढच्या डब्यावरचा माणूस रूळ बघतो, झेंडी दाखवतो, आणि ती खूण डब्यामागून डब्यावरून ड्रायव्हरपर्यंत पोहोचते. शंभरावर वर्षं ती गाडी माणसांच्या या साखळीवर चढते आहे.

हिलग्रोव्हला पाणी भरायला थांबली. चहावाले, माकडं, आणि सगळी गाडी खाली उतरून इंजिनापाशी. मामा पुढे जाऊन उभे राहिले. एक ब्रेकवाला बडगा समाजातला निघाला. त्याची भाषा कन्नडच्या जवळची, आणि मामांचं कन्नड कुर्डुवाडी-सोलापूरकडचं, बाजारात शिकलेलं. दोघांचं जुळलं. मामांनी विचारलं ते पाण्याबद्दल, थर किती धरतो म्हणून. डोंगराचं पाणी आहे, हलकं आहे, असं तो म्हणाला, आणि मामांच्या चेहऱ्यावर मी असूया पाहिली, खरीखुरी. मग ब्रेकवाल्याने त्यांना फुटप्लेटच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या उभं राहायच्या जागेच्या, दाराशी नेऊन भट्टी दाखवली. आमचं इंजिन तेलावर चालणारं होतं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, कोळसा नाही, बेलचा नाही. ते म्हणाले, ‘वाफेला कुठं ठाऊक असतं जाळ कशाचा आहे ते. नळीतलं पाणी बघ, तेवढं संभाळलं की झालं.’

तिथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बापाचं बोट धरून उभा होता, पुण्याकडचा असावा, मराठी बोलत होता. इंजिनाच्या वरून एकाएकी वाफ जोरात सुटली तसा तो घाबरला. मामा खाली वाकून त्याला म्हणाले, ‘घाबरू नको बाळा. पोटात जास्त झाली म्हणून सोडली. नाही सोडली तर फुटंल.’ पोराने लगेच विचारलं, ‘तिला कसं कळतं जास्त झाली ते?’ मामांनी त्याला झडपेवरची स्प्रिंग समजावून सांगितली. आतून वाफ दाबते, वरून स्प्रिंग दाबते, वाफेचा जोर जास्त झाला की झडप उचलली जाते. पोराने स्वतःच्या तळहातावर मूठ दाबून ते करून बघितलं. गाडीची शिट्टी झाली तरी तो हलायला तयार नव्हता.

मी तेव्हा ठरवलं की वाफेची गाडी चालती ठेवायची ती यासाठी. विजेच्या इंजिनाचं काम पत्र्याआड चालतं. ते उत्तम चालतं, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण तिथे पोराला विचारण्यासारखं काही दिसत नाही. वाफेच्या इंजिनाची आग दिसते, पाणी दिसतं, दांडा पुढेमागे होताना दिसतो, आणि हे सगळं संभाळणारी माणसं दिसतात. आपल्याला कोण ओढून नेतंय हे तिकीट काढलेल्या माणसाला समोर दिसतं. डोंगर बघायला गेलेली माणसं पाणी भरताना खाली उतरून इंजिनापाशी गोळा होतात ती काही उगीच नाही. कुन्नूरला डिझेल लागलं आणि मामांनी शाल ओढून घेतली. उटीपर्यंतचे चहाचे मळे मी एकटीनेच पाहिले.

ज्यांनी अशा गाड्या वाचवल्या त्यांचं कसं जमलं हे मी नंतर शोधत बसले. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची १८६५ ची दगडखाणीची छोटी रेल्वे बंद पडणार होती. १९५१ मध्ये नोकरी-धंदा करणाऱ्या साध्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी बिनपगारी काम करून ती चालू ठेवली. आजही चालते. जगात स्वयंसेवकांनी वाचवलेली ही पहिली रेल्वे. तिथेच वेल्शपूल आणि लानफेअरची लाइन आहे, आपल्या बार्शीच्याच मापाची, अडीच फुटी. १९५६ मध्ये बंद पडली, १९६३ मध्ये लोकांनी पुन्हा सुरू केली. कॅलथ्रॉपने स्वतः इंग्लंडमध्ये बार्शीच्या धर्तीवर लीक आणि मॅनिफोल्ड दरीची लाइन बांधली होती, १९०४ मध्ये. तिला मात्र वाचवणारं कुणी भेटलं नाही. १९३४ मध्ये ती बंद पडली, तिचं एकही इंजिन उरलं नाही, आणि आता त्या वाटेवर लोक फिरायला जातात. आपल्याकडे हरियाणात रेवाडीची १८९३ ची शेड आहे, तिथे वाफेची इंजिनं जिवंत ठेवली आहेत. दार्जिलिंग आहे. कालका-शिमला तर पुन्हा आपल्याच मापाची, ७६२ मिलिमीटर.

मग आपल्या जिल्ह्यात कुठे? मामांना विचारायची गरज नव्हती. कुर्डुवाडी-बार्शी सपाट आहे. पंढरपूरकडचं रान कार्तिकातल्या ज्वारीत सुरेख दिसतं, पण तेही सपाटच. घाट लागतो तो बार्शी सोडून पांगरीच्या पुढे, येडशीकडे चढताना. बालाघाटची डोंगररांग, रामलिंगचं रान, दरीत उतरून गेलेलं रामलिंगाचं देऊळ. जटायूची कथा तिथे सांगतात. श्रावणात देवळाजवळचा धबधबा कोसळत असतो आणि सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. नॅरोगेज तिथून वर चढायची. रुंद मार्ग आखताना धाराशिव शहर लाइनवर घेतलं आणि वाट बदलली. तेही बरोबरच होतं, जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नसावी हे कुठवर चालणार. पण जुना भराव, मोऱ्या, मधूनच एखादा दगडी खांब, हे शोधत मी मामांच्या मुलाबरोबर फिरले आहे. रानाने बरंच गिळलंय. जे उरलंय ते बघताना आपोआप चढाचा अंदाज बांधला जातो, इथे फायरमनला घाम फुटत असणार असं वाटतं.

श्रावण-भाद्रपदात बार्शी ते येडशी, सकाळी वर, दुपारी खाली. भगवंताच्या देवळातलं दर्शन घेऊन निघायचं, रामलिंगला उतरायचं. पौषात हुरडा लागतो तेव्हा पुन्हा. उन्हाळ्यात नको. वाफेच्या इंजिनाचा मोठा दोष ठिणगी हा आहे, आणि आमच्याकडे होळीनंतर वाळलेलं गवत आणि कडब्याच्या गंजी एका ठिणगीने उभ्या जळतात. धुराड्यावर जाळी बसवतात, तरी ठिणगी निसटते. शिवाय रामलिंगचं रान अभयारण्य आहे. मामा म्हणतात, तिथे कोळसा नकोच, तेलच हवं, निलगिरीसारखं. मी म्हटलं, पण कोळशाशिवाय तुम्हाला ती बार्शी लाइट वाटेल का? ते म्हणाले, ‘मला काय वाटायचंय. रान जळाया नको.’

पाण्याचं काय, हाही प्रश्न आहे. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हौसेच्या गाडीसाठी पाणी मागायला तोंड हवं. म्हणूनच पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली मोजक्या दिवसांची गाडी. तिच्यासाठी वेगळा तलाव, आणि पाणी हलकं करून घेण्याची सोय. तिकिटाच्या पैशांत हे भागायचं नाही. बॉयलरची एक मोठी दुरुस्ती कित्येक हंगामांचं उत्पन्न खाऊन जाते. जगात कुठेही अशा गाड्या नुसत्या तिकिटावर जगत नाहीत, लोकांच्या श्रमावर आणि वर्गणीवर जगतात, नाहीतर सरकारने आपलं मानल्यावर. मला वाटतं, वारीसाठी रस्त्यात जेवणाच्या पंगती घालणाऱ्या आमच्या मुलखाला वर्गणी आणि श्रमदान शिकवावं लागणार नाही.

खरी अडचण माणसांची आहे. रूळ पुन्हा टाकता येतील. इंजिन नवं घडवता येतं, निलगिरीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने नवी एक्स इंजिनं घडवलीच. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात माथेरानच्या छोट्या गाडीची कामं होतात, म्हणजे नॅरोगेज डब्यांना सरावलेले हात तिथे आहेत. पण वाफेचं काम केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना जे येतं त्यातलं थोडंच कागदावर आहे. आवाजावरून वाफ कुठे गळते ते ओळखणं, बेअरिंग तापलंय हे हात लावून सांगणं, भट्टीचा रंग. मामांचे शेडमधले जोडीदार एकेक करून गेले. त्यांच्याबरोबर काय गेलं याची कुठे नोंद नाही.

म्हणून मी लिहून घ्यायला लागले आहे. रविवारी सोलापूरहून सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीला जाते, मामी चहा ठेवतात, आणि मामा सांगतात तसं वहीत उतरवते, शेडमधल्या शब्दांसकट. तुमच्या घरात, शेजारात कुणी लोको शेडमध्ये होतं, गिरणीच्या बॉयलरवर होतं, मीटरगेजच्या गदग लाइनवर फायरमन होतं, तर त्यांच्यापाशी बसा आणि काम विचारा. गमती आपोआप येतात. काम विचारा. फोनवर आवाज टिपून ठेवा, हातांचे व्हिडिओ काढा.

आमचा इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र, सांगून झाला, ब्रेक झाला, वॉशआउटवर, म्हणजे बॉयलर धुण्यावर, तर अर्धी वही भरली. आता व्हॉल्व्ह सेटिंग घ्यायचं आहे, म्हणजे दट्ट्या कुठे असताना वाफ आत सोडायची आणि कुठे तोडायची ते. हे तोंडी कळत नाही असं मामांचं मत. येताना जाड पुठ्ठा, टाचण्या, सुतळी आणि कात्री घेऊन ये म्हणून त्यांनी फोन केला होता. भाच्याच्या पोरालाही आण म्हणाले, त्याचे हात बारीक आहेत, त्याला टाचण्या नीट लावता येतील.